खांबाची सीट

१

सायकली दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाइकांचे चेहरे लक्षात ठेवावे लागत नाहीत. मिस्त्रीला तर गेली अडतीस वर्षं माणसं सीटच्या उंचीवरूनच ओळखू येत. कोणाची सीट किती वर, कोणाची किती खाली, हे त्याला हातानंच कळायचं. शेजारचा टेलर म्हणायचा, मी माप वहीत लिहितो आणि विसरतो, तू मेलेल्यांचीही मापं डोक्यात घेऊन फिरतोस. मिस्त्री स्वतः बुटका. त्याच्या सायकलीची सीट फ्रेमला टेकलेली असायची आणि त्यावरूनही टेलर रोज काहीतरी बोलल्याशिवाय राहत नसे.

सकाळी शटर वर करायचं, पंक्चरचा टब पाण्यानं भरायचा, पंप दाराशी ठेवायचा, दुरुस्त झालेल्या सायकली बाहेर लावायच्या. पूर्वी हे सगळं हसतखेळत व्हायचं. हल्ली शटर वर करतानाच निम्मा दिवस संपल्यासारखं वाटे. बायको म्हणायची, आता पुरे करा, हाडं काही सुट्या भागांत मिळत नाहीत. तोही मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली घेऊन निघायचा.

बुधवारी दहाच्या सुमारास वहिनी आली. सायकल हातानं ढकलत आणली होती. ती उंच काळी सायकल मिस्त्रीनं दुरूनच ओळखली आणि हातातलं चाक उगाच फिरवत बसला.

वहिनी म्हणजे त्याच्या मित्राची बायको. मित्राला सगळे खांब म्हणायचे, कारण तो दारातून वाकल्याशिवाय आत येऊ शकत नसे. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन खांब गेला. तेव्हापासून सायकल घरातच भिंतीला टेकून उभी होती.

वहिनीनं सरळ कामाचं सांगितलं. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिला सोमवारपासून पहाटेची पाळी दिली होती. त्या वेळी बस नसते. चालत जायचं तर तास-सव्वातास लागतो, आणि गुडघे आता साथ देत नाहीत. सोमवारी वेळेवर पोचली नाही तर त्या जागेवर दुसरी बाई तयार बसलेली. सीट तिच्या उंचीला खाली करून हवी होती.

मिस्त्री म्हणाला की जुनी, तिच्या मापाची दुसरी सायकल तो बघून देईल, तिनं काही द्यायचं नाही. 

"हीच हवी, भाऊजी," वहिनी म्हणाली. "अकरा वर्षं हिच्यामागून चालले. आता हिच्यावर बसून जायचंय."

जाताजाता ती दारात थांबली आणि म्हणाली की मागच्या चाकात हवाही टिकत नाही. रोज भरते, रोज सकाळी बसलेली असते. पंक्चर असेल तर तेवढं काढून ठेवा.

२

मिस्त्रीनं आधी सोपं काम घेतलं. मागची ट्यूब काढली, फुगवली, टबात बुडवून इंच इंच फिरवली. एकही बुडबुडा आला नाही. वॉल्व्हला थुंकी लावून पाहिली, तीही फुगेना. टायरमध्ये काटा नाही, रिमला धार नाही. ट्यूब अगदी धडधाकट होती. घरात नुसत्या उभ्या सायकलीची हवा जाते म्हणजे पोरंसोरं खेळत असतील, असं त्याला वाटलं. मग आठवलं, की त्या घरात पोरंच नाहीत.

मग तो सीटकडे वळला. अडकलेल्या सीटला हात लावण्याआधी त्याची एक पद्धत होती. सीटचा दांडा जिथे फ्रेमच्या नळीत शिरतो, बरोबर तिथे तो कानशीच्या कोपऱ्यानं एक बारीक रेघ ओढायचा. दांडा केसभर जरी हलला तरी रेघ सांगते. नाहीतर माणूस दिवसभर जोर लावतो आणि आपण जिंकतोय की हरतोय तेच कळत नाही.

रेघ ओढली, बोल्ट काढला, फटीत तेल सोडलं. तेल आत जाईना, वरच तरंगत राहिलं. अॅल्युमिनियमचा दांडा आणि लोखंडी नळी, मधे ग्रीस नसेल तर काही वर्षांत दोन्ही एकजीव होतात. हे कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. म्हणून तर ग्रीस लावतात.

इथं ग्रीस का नव्हतं, हेही मिस्त्रीला ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी खांब दुकानात आला होता. बायको आपली सायकल घेऊन जाते, सीट खाली करते, मग मला येऊन वर करावी लागते, अशी त्याची तक्रार. "अशी बसव," तो म्हणाला, "की माझ्याशिवाय कुणाला चालवता येऊ नये." मिस्त्रीनं टाळून पाहिलं. खांबाला नाही म्हणायची सोय नव्हती. तो हट्टाला पेटला की सीटवर बसून राहायचा, एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर, आणि काम होईपर्यंत हलायचा नाही. शेवटी मिस्त्रीनं दांडा काढला, पुसून कोरडा केला आणि नळीत मिठाचं पाणी ओतलं. जन्मभर ज्या गंजाशी झगडला तोच स्वतःच्या हातानं आत घातला. खांब खूश झाला आणि मिस्त्रीही त्याच्याबरोबर हसला. खरं तर त्याला हसू आलं नव्हतं, पण हसला.

त्यानंतर वहिनी रोज दुकानावरून चालत कामाला जायची, डबा छातीशी धरून, भरभर. ती दिसली की मिस्त्री खाली बघून चाकाच्या तारा मोजायचा.

३

गुरुवारी त्यानं सायकल उलटी केली. अशा कामाला हाच उपाय. सीट बाकावरच्या शिकंज्यात पक्की आवळायची, चाकं वर, आणि अख्खी फ्रेमच दोन्ही हातांनी पिळायची, ओल्या कपड्यासारखी. तरफेसारखा जोर मिळतो. वीस वर्षांपूर्वी तो हे एका दमात करायचा. आता पाच वेळा थांबला, स्टुलावर बसला, पाणी प्यायला. मनगटं भरून आली.

बाराच्या सुमारास कट्ट असा आवाज झाला आणि फ्रेम हलली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं टेलरला हाक मारून दाखवलं. पिळत पिळत त्यानं दांडा दोन बोटं बाहेर काढला. रेघ नळीपासून दोन बोटं सुटली. टेलर म्हणाला, म्हाताऱ्या, अजून दम आहे तुझ्यात.

बाकीचं जेवून करू म्हणून मिस्त्री मागच्या खोलीत डबा खायला बसला. खाऊन दहा मिनिटं भिंतीला डोकं टेकलं. परत आला तेव्हा रेघ नळीच्या तोंडाशी होती, अगदी काठावर, काल ओढली तिथे. फ्रेम पिळून पाहिली. ढिम्म.

तो स्टुलावर बसला आणि विचार करू लागला. उलटी सायकल म्हणजे तिचं सगळं वजन दांड्यावर. सुटलेली फ्रेम घसरून खाली बसली असणार. हो, तसंच. एवढं साधं आपल्या लक्षात आलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं. थकलं की माणूस चुकतो.

फक्त ती घसरून बरोबर रेघेवर का थांबली, एवढंच कोडं सुटलं नाही. दुपारभर त्यानं दुसऱ्या सायकली हातात घेतल्या.

४

शुक्रवारी त्यानं ती चूक होऊ दिली नाही. दीड तास झगडून दांडा पुन्हा सोडवला, या वेळी चांगला चार बोटं. मग सायकल सरळ उभी केली, भिंतीशी टेकवली आणि सीटचा बोल्ट घालून पान्यानं जीव खाऊन आवळला. आता घसरायला वाव नव्हता. तो समोरच्या टपरीवर चहाला गेला. टपरीवरून दुकानाचं दार दिसत होतं. दारातून कोणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही.

परत आला तेव्हा टेलर कात्री हातात घेऊन दारात उभा होता. "गेलं का गिऱ्हाईक?" त्यानं विचारलं.

मिस्त्री म्हणाला, कसलं गिऱ्हाईक.

"आत कोणीतरी सायकलीवर बसून बघत होतं ना. स्प्रिंगांचा आवाज आला. कुई कुई. दोनदा."

खांबाची एक खोड होती. सीटवर बसला की निघायच्या आधी तो दोनदा अंग हलवून बूड जमवायचा. जुन्या कातडी सीटच्या स्प्रिंगा दोनदा कुरकुरायच्या. दुकानातून तो निघाला हे मिस्त्रीला मागच्या खोलीत असला तरी त्या आवाजावरून कळायचं आणि जरा हायसं वाटायचं.

आत बोल्ट तसाच आवळलेला होता. पाना लावला तर हलेना, इतका घट्ट. आणि रेघ काठावर होती.

मग त्याची नजर खाली गेली. परवाच ट्यूब तपासून भरलेलं मागचं चाक जमिनीला टेकलं होतं तिथे पसरट झालं होतं. हवा गेलेलं टायर कसं दिसतं हे मिस्त्रीला झोपेतही सांगता आलं असतं. ते सुरकुततं, रिमवर लोळतं. हे तसं नव्हतं. त्यानं वाकून अंगठ्यानं दाबलं. टणक. हवा भरपूर होती. टायर दबलं होतं, एखादा भारी माणूस बसल्यावर दबतं तसं.

त्यानं हात काढून घेतला. शटर अर्ध्यावर ओढलं आणि तीन वाजताच घरी गेला.

५

बायकोनं विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, पाठ धरली आहे. ती तेल गरम करून घेऊन आली आणि पाठ चोळताना म्हणाली, त्या वहिनींची सायकल तेवढी करून द्या, मग खरंच बंद करा. बिचारीनं फार चालून झालं. 

"तिचा नवरा चांगला होता ना," बायको म्हणाली. "तुमच्याकडे यायचा की."

मिस्त्रीनं उशीत तोंड खुपसून हं म्हटलं. मिठाच्या पाण्याचं त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मोठी गोष्ट नव्हती, एक दांडा होता, थोडं मीठ होतं. पण अकरा वर्षांचं चालणं त्याला त्या रात्री जेवताना दिसत राहिलं.

सायकल परत द्यावी, जमत नाही म्हणावं, असंही त्याच्या मनात आलं. मग सोमवारी ती दुसरी बाई धोबीखान्यात उभी राहिली असती. आणि वहिनी पुन्हा चालली असती, या वेळी कुठे, कोण जाणे.

६

शनिवारी त्यानं करवत काढली. सुटत नसेल तर कापायचं. दांडा नळीच्या वर दोन बोटं कापला आणि सीट वेगळी केली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, तिच्याकडे पाठ करून. मग नुसतं करवतीचं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, नळीच्या आत घातलं आणि आतून दांड्याला उभी चीर पाडायला सुरुवात केली. हे काम फार हळू चालतं. जोर जास्त लागला तर फ्रेम कापली जाते. पुढे-मागे, पुढे-मागे, शंभर वेळा, मग फुंकर मारायची, मग पुन्हा शंभर.

सकाळ गेली. टेलर दोनदा डोकावला आणि त्याचा चेहरा बघून न बोलता गेला. बाहेर रस्ता नेहमीसारखा वाहत होता. ऊन दारातून आत आलं आणि बाकापर्यंत पोचलं.

दुसरी चीर निम्मी झाली तेव्हा मागे सीट कुरकुरली. दोनदा.

मिस्त्रीचे हात थांबले नाहीत. हात थांबवले तर वळून बघावं लागेल, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. पुढे-मागे, पुढे-मागे. पण बाकाच्या वर, भिंतीवर, गिऱ्हाइकांसाठी लावलेला एक जुना आरसा होता. त्यानं मान वर केली नाही, नुसते डोळे वर गेले. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात बाकावरची सीट दिसत होती. तिच्या दोन्ही स्प्रिंगा पूर्ण दबलेल्या होत्या, वेढ्याला वेढा चिकटेपर्यंत. वर काही नव्हतं. नुसतं ऊन होतं, आणि उन्हात तरंगणारा अॅल्युमिनियमचा बारीक भुगा सीटच्या वरच्या जागेला वळसा घालून जात होता.

त्यानं डोळे खाली घेतले आणि चीर पुरी केली.

चारच्या सुमारास पक्कडीनं दाबल्यावर दांड्याचा तुकडा आत मिटला आणि हातात आला. त्याच्यावर पांढऱ्या पुडीचा थर होता. मिस्त्रीनं दमून हाताच्या पाठीनं तोंड पुसलं आणि जीभ खारट झाली.

मग नळी घासून साफ केली. नवा दांडा घेतला, त्याला बोटानं ग्रीस लावलं, जरुरीपेक्षा जास्त. त्यावर दुकानातली एक नवी, मऊ, रुंद सीट बसवली. माप विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं ती दारावरून गेली होती, तिची उंची हाताला पाठ होती.

७

रविवारी दुपारी वहिनी आली. सीटवर हात फिरवला, दाबून पाहिली. जुनी कातडी सीट मिस्त्रीनं पिशवीत घालून ठेवली होती. ती पिशवीकडे न बघताच म्हणाली, ती तुमच्याकडेच राहू द्या.

मिस्त्रीला आता बोलायलाच हवं होतं. घसा साफ करून त्यानं सांगून टाकलं, ग्रीसचं, मिठाचं, सगळं. खांबानं सांगितलं होतं, असंही म्हणणार होता, पण ते वाक्य त्याच्याच्यानं पुरं झालं नाही. "चूक माझी," एवढंच म्हणाला.

"माहीत होतं," वहिनी म्हणाली. "त्याच दिवशी जेवताना सांगितलं त्यांनी. खूप हसले. तुम्हीही हसलात म्हणाले."

मिस्त्रीनं विचारलं, तर मग माझ्याकडे का आणलीत, गावात दुसरे कमी का आहेत.

"ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवायची असते, भाऊजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. थकवा होता, त्याच्यासारखाच. "माझ्या घरात ती नको होती."

सायकल नको होती की आणखी काही, हे मिस्त्रीनं विचारलं नाही. वहिनी सायकल बाहेर घेऊन गेली. आधी एक पाय टेकत, मग दुसरा उचलत, डगमगत ती निघाली. वीस पावलांवर सरळ झाली. मिस्त्री मागच्या टायरकडे बघत होता. टायर एका हलक्या बाईनं दबावं तेवढंच दबलं होतं. त्यानं दाराला टेकून मोठा श्वास घेतला. आठवड्यात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

सहाला त्यानं दुकान आवरलं. पिशवी बाकाखाली सारली. शटर ओढलं, कुलूप लावलं, स्वतःची सायकल घेतली आणि सवयीनं टांग टाकली.

टांग पोचली नाही.

सीट फ्रेमपासून वीतभर वर होती. दिवसभर सायकल दाराशीच उभी होती. टेलरची मस्करी असणार म्हणून तो टेलरच्या दुकानाकडे वळला, तर तिथे सकाळपासून कुलूप होतं, रविवार होता. मिस्त्रीनं पाना काढला, बोल्ट ढिला केला, सीट दोन्ही हातांनी पिळली. दर वर्षी न चुकता या दांड्याला ग्रीस लागायचं. तो जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. मग त्यानं उंची मोजली, हातानंच, आणि ते माप खांबाचं होतं.

त्यानं पाना खिशात टाकला आणि हँडल धरून चालू लागला.

८

सोमवारी डबा राहून गेल्यानं दुपारी तो जेवायला घरी निघाला होता. काल बायकोनं विचारलं होतं, चालत का आलात. तो म्हणाला होता, पंक्चर आहे. मग काढा की, ती म्हणाली होती, मिस्त्री आहात ना. सायकल दुकानातच सोडून जाऊ, असं त्यानं सकाळी ठरवलं होतं. पण कुलूप लावून चार पावलं गेला आणि आत दोनदा कुरकुर ऐकू आली. त्याच्या सायकलीच्या सीटला स्प्रिंगा नव्हत्याच. तो परत फिरला आणि तिला घेऊन निघाला. बसून राहणाऱ्याला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

चढ लागला तशी सायकल जड झाली. पुढचं चाक हलकं, मागचं जड. तो पुढच्याच चाकाकडे बघत होता. उजव्या कोपराला सीट घासू नये म्हणून त्यानं हात अंगापासून लांब धरला होता. दर दहा पावलांवर थांबत होता.

मागून घंटी वाजली. वहिनी पाळी संपवून घरी चालली होती. ताठ बसलेली, गाल उन्हानं लाल, पाय पायडलवर आरामात पोचत होते. तिनं वेग कमी केला आणि त्याच्या बाजूनं जाताना एक पाय टेकून थांबली. वेळेवर पोचले, ती म्हणाली. मिस्त्री म्हणाला, छान झालं. त्याला खरंच तसं वाटलं.

ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्याच्या कोपराच्या जरा वर बघत होती, उंच माणसाशी बोलताना बघतात तेवढं वर. मग तिनं नजर खाली, मागच्या चाकावर आणली.

"त्यात हवा राहणार नाही, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "रोज भरत जा."

आणि पायडल मारून ती चढ चढून गेली.